पिवळा पट्टा, लाल पट्टा

लग्नाच्या मांडवात दोन अनोळखी फोटोग्राफर समोरासमोर आले, की नावगाव विचारायच्या आधी एकमेकांच्या गळ्यातला पट्टा बघतात. काळ्यावर पिवळी अक्षरं असली तर निकॉन, काळ्याबरोबर लाल असला तर कॅनन. पट्टा एकाच कंपनीचा निघाला तर पाच मिनिटांत बॅटरीची आणि लेन्सची विचारपूस सुरू होते. वेगळा निघाला तर आधी थोडी चेष्टा होते, मग चहा येतो. कोणती कंपनी चांगली, हा वाद मी फोटोग्राफीत आलो तेव्हाही होता. दोन्ही कंपन्यांची मॉडेलं बदलली, तरी तो तसाच आहे. मी त्यात बरीच वर्षं लाल पट्ट्याच्या बाजूनं बसलोय. पण ज्या कारणांसाठी बसलो ती कारणं कंपनीच्या जाहिरातीत कधीच नव्हती.

मी मादन हिप्परग्याचा. तालुका आळंद, जिल्हा कलबुर्गी, राज्य कर्नाटक. सोयरिकी मात्र अक्कलकोट, उमरगा, सोलापूरपर्यंत पसरलेल्या. लग्नपत्रिका एका बाजूनं कानडी, दुसऱ्या बाजूनं मराठी. मांडवात नवरदेवाच्या काकांना मराठीत सरकायला सांगायचं, स्वामींना कानडीत हात जोडून विचारायचं आणि बँडवाल्याला दखनीत दटावायचं, एवढ्या तीन भाषा आल्या की निम्मी फोटोग्राफी आली. मुलगी इकडची, मुलगा तिकडचा असला की फोटोग्राफरही दोन्हीकडचे येतात. आळंदचा एक, अक्कलकोटचा एक. राज्याची हद्द आमच्या धंद्याला कधी आडवी आली नाही. कॅमेऱ्याच्या माउंटची, म्हणजे लेन्स जिथं बसते त्या कड्याची हद्द मात्र रोज आडवी येते.

माझं शिक्षण आळंदच्या एका स्टुडिओत झालं. मालकांना आम्ही सगळी पोरं मामा म्हणायचो. त्यांच्याकडे निकॉनचा एफएम-टू होता. १९८२ साली आलेलं हे मॉडेल, सगळं काम हातानं. बॅटरी फक्त मीटरला. त्यावर ५० मिलिमीटरची लेन्स. छत्तीसचा रोल, आणि एका लग्नाला किती रोल लावायचे ते मुलीच्या बापाशी आधीच ठरलेलं. रोल धुवायला सोलापूरला जायचे. त्यामुळे मामांचा एक नियम होता : डोळ्याला लावलेला कॅमेरा उगाच दाबायचा नाही. नवरदेवाची पापणी मिटलेली आली तर त्या दिवशी जेवणावर बोलणी खायला लागायची. या शिस्तीत निकॉनबद्दल आदर आपोआप मुरला. मामांच्या दृष्टीनं कॅमेरा म्हणजे निकॉनच होता आणि बाकीची सगळी यंत्रं.

डिजिटल एसएलआर सामान्य फोटोग्राफरच्या आवाक्यात यायला सुरुवात झाली ती २००३ मध्ये कॅननच्या ३००डी-पासून. पुढच्याच वर्षी निकॉनचा डी७० आला. आमच्या भागात ती लाट उशिरा पोचली. आधी भाड्यानं कॅमेरा आणायचा, सीझन मारायचा, परत द्यायचा. २०१२ मध्ये मी स्वतःचा घ्यायचं ठरवलं. गुलबर्ग्याचं कलबुर्गी व्हायला तेव्हा अजून दोन वर्षं होती. तुरीचा हंगाम झाला होता, लोकांच्या हातात पैसा होता, पुढच्या लग्नांचा विसार माझ्या हातात आला होता. आमच्याकडे मोठी खरेदी ठरते ती तुरीच्या पट्टीवर; फोटोग्राफरचीही, कारण त्याचं गिऱ्हाईक शेतकरीच.

समोर दोन डबे होते. कॅनन ६००डी आणि नुकताच आलेला निकॉन डी३२००. मामा म्हणाले, "निकॉन घे. माझी लेन्स तुला चालेल. माउंट तोच आहे." मामांचं बोलणं खरं होतं. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून तोच होता आणि त्यांची लेन्स डी३२०० वर बसतही होती. पण बसली की त्या स्वस्त बॉडीतलं मीटर बंद व्हायचं, उजेड अंदाजानं धरायचा आणि फोकस हातानं. ज्या जुन्या ऑटोफोकस लेन्सना बॉडीतल्या मोटरचा आधार लागतो, त्याही तिच्यावर हातानंच फिरवायच्या, कारण निकॉननं स्वस्त बॉडीतून ती मोटर काढून टाकली होती. कॅननची गोष्ट उलटी. १९८७ मध्ये त्यांनी जुना एफडी माउंट सोडून दिला, ईएफ नावाचा नवा आणला आणि मोटर लेन्समध्येच टाकली. ज्यांनी जुन्या लेन्सवर पैसे घातले होते ते चिडले, आणि चिडणारच. पण त्यामुळे १९८७ नंतरची कुठलीही ईएफ लेन्स कॅननच्या सगळ्यात स्वस्त डिजिटल बॉडीवरही आपोआप फोकस करते. निकॉननं जुन्या वाड्याचा दरवाजा तसाच ठेवून आत नवं वायरिंग केलं. कॅनननं वाडा पाडून नवं घर बांधलं. राहायला कुणाला काय बरं वाटेल, हे घरात कोण राहणार यावर.

माझ्यासाठी हिशेब सरळ होता. कॅननची ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्स सहा-सात हजारांत मिळायची. प्लॅस्टिकची, हलकी, फोकस करताना किरकिर आवाज करणारी. पण माजघरातल्या एका ट्यूबलाइटच्या उजेडात नवरीचा चेहरा स्वच्छ देणारी. तीच किंमत धरून निकॉनमध्ये गेलो तर स्वस्त लेन्सला मोटर असलेली महाग बॉडी लागत होती, नाहीतर स्वस्त बॉडीला मोटर असलेली जरा महाग लेन्स. कमी भांडवलात धंदा उभा करणाऱ्याला हा फरक मोठा.

दुकानदाराचा भर मात्र मेगापिक्सेलवर. "त्याला अठरा, याला चोवीस. साधा हिशेब आहे की!" मी घरी येऊन खरा हिशेब मांडला. आमच्याकडे करिझ्मा अल्बमचं पान उघडलं की बारा बाय छत्तीस इंच. एक फोटो फार तर निम्म्या पानावर जातो, म्हणजे बारा बाय अठरा. ६००डी-चा फोटो रुंदीला ५१८४ पिक्सेल. त्याला अठरानं भागलं की इंचाला २८८. डी३२०० चा ६०१६, इंचाला ३३४. छापखाना मागतो तीनशे. अल्बम मांडीवर घेऊन बघणाऱ्या आत्याला २८८ आणि ३३४ मधला फरक दिसत नाही. तिला दिसतं ते आपण फोटोत आहोत की नाही. अडचणीच्या खोलीत भिंतीला पाठ लावून घेतलेल्या ग्रुप फोटोत मात्र थोडा फरक जाणवतो. निकॉनचा सेन्सर किंचित मोठा, म्हणून त्याच अठरा मिलिमीटरमध्ये कडेचा एखादा माणूस जास्त मावतो. निकॉनवाल्या मित्राला मी ही गोष्ट कधी कबूल केली नाही.

पारडं फिरवलं ते व्हिडिओनं. लग्नाच्या बिलात निम्मा भाग व्हिडिओचा असतो. एसएलआरमध्ये पहिल्यांदा व्हिडिओ दिला तो निकॉनच्या डी९० नं, २००८ साली. त्याच वर्षी कॅननच्या ५डी मार्क टू-नं फुल एचडी दिला आणि व्हिडिओवाल्यांचा बाजार कॅननकडे वळला. २०१२ मध्ये हातात घेऊन बघितलं तर ६००डी-चा स्क्रीन फिरायचा, रेकॉर्डिंगला ॲपर्चर हवा तसा बदलता यायचा. डी३२०० मध्ये तो बदलायचा तर लाइव्ह व्ह्यू बंद करून, बदलून, परत चालू करायला लागायचं. अक्षता पडताना एवढी सवड कोण देतो?

तिसरा डबाही दुकानात होता, सोनीचा. किमतीला बरा, फोकसला चपळ. पण २००६ मध्ये सोनीनं कोनिका-मिनोल्टाचा कॅमेऱ्याचा धंदा घेतला, त्याबरोबर डोक्यावरची फ्लॅशची खाचही मिनोल्टाचीच, निराळ्या घाटाची आली. सगळ्यांसारखी खाच सोनीनं २०१२ च्या शेवटी द्यायला सुरुवात केली. दुकानातल्या त्या डब्याला जुनीच खाच होती आणि आमच्या पेटीतले स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर तिच्यावर बसेनात. कॅमेरा घेऊन सगळे फ्लॅश बदलणं परवडणारं नव्हतं. तो डबा तिथंच राहिला.

मी ६००डी घेतला. पुढच्या लग्नसराईत कळलं, की मी कॅमेऱ्याबरोबर आणखी बरंच काही घेतलंय. आळंद आणि अक्कलकोटच्या ज्या मंडळींबरोबर माझं काम चालायचं, त्यांच्यातल्या बहुतेकांकडे ५५०डी, ६००डी, पुढे ७००डी. तिघांनाही बॅटरी एकच, एलपी-ई८. मे महिन्यात पारा बेचाळीसवर, वीज गेलेली, संध्याकाळची वरात अजून बाकी आणि बॅटरीचं चिन्ह लाल व्हायला लागलं, की मुलाकडच्या फोटोग्राफरकडे हात पुढे करायचा. "काय बे, चार्ज करून आणत नाही का?" असं म्हणत तो खिशातून काढून देतो. एका मुहूर्ताला दोन लग्नं आली, की ७०-२०० लेन्स सकाळी एका गावात, संध्याकाळी दुसऱ्या गावात. ती लेन्स नक्की कुणाची, हे आता आम्हालाही आठवायला लागतं. निकॉनवाला मित्र या देवाणघेवाणीत फक्त मेमरी कार्डापुरता यायचा, कारण एसडी कार्ड दोन्हीला चालतं.

दुरुस्तीचंही तसंच. गावाकडच्या दुरुस्तीवाल्याकडे नवे पार्ट क्वचितच असतात. त्याच्याकडे असतात मोडके कॅमेरे. ज्या मॉडेलचे चार मोडके त्याच्या कपाटात, त्याचा पाचवा तो दोन दिवसांत उभा करतो. ज्याचा एकही नाही, त्याला पुणे किंवा हैदराबाद दाखवतो. म्हणजे भोवताली जो कॅमेरा जास्त, तोच लवकर बरा होतो. या गोष्टीचा कुठल्याही कंपनीच्या गुणांशी संबंध नाही.

रंगांवरूनही भांडणं पुष्कळ. कॅनन माणसाची कातडी जरा उबदार दाखवतो, निकॉन जरा पिवळसर, असं आमच्याकडे सर्रास बोललं जातं. मी दोन्हीकडचे फोटो एकाच अल्बममध्ये लावलेत. फरक आहे, पण तो पांढऱ्याचा मेळ बसवला की बराचसा जातो. खरा त्रास मांडवातल्या जांभळ्या एलईडीचा. त्यापुढे दोन्ही कंपन्या सारख्याच हतबल. गडद लाल इरकल नेसलेली नवरी आणि अंगाला हळद, हा आमच्या भागातला सगळ्यात अवघड फोटो. लाल रंग सेन्सरवर इतका भरतो, की काठाची वीण पुसून एकच लाल पट्टा उरतो. तिथं उजेड थोडा कमी धरायचा, रॉमध्ये काढायचं आणि नंतर वर आणायचं. सावलीतून असं वर काढण्यात त्या काळातले निकॉन कॅननपेक्षा पुढे होते. कॅननच्या काळोखात रेघा दिसायच्या. तांड्यावरचं लग्न असलं तर वेगळीच परीक्षा. बंजारा बायकांच्या पेहरावावरचे आरसे फ्लॅशचा उजेड सरळ लेन्समध्ये परत फेकतात. तिथं फ्लॅश छताकडे किंवा बाजूच्या पांढऱ्या कापडाकडे वळवायचा असतो. मान वळवता येणारा फ्लॅश हवा, पट्टा कुठल्याही रंगाचा चालतो.

काही वर्षांनी हाच प्रश्न मोठ्या आकड्यांत परत आला. पूर्ण आकाराचा सेन्सर घ्यायचा होता. समोर कॅननचा ६डी, २०१२ चा, आणि निकॉनचा डी७५०, २०१४ चा. कागदावर तुलनाच नव्हती. निकॉनला ५१ फोकस बिंदू, कॅननला ११. निकॉन सेकंदाला साडेसहा फोटो काढायचा, कॅनन साडेचार. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निकॉनला दोन कार्डांची जागा. एकाच वेळी दोन्ही कार्डांवर फोटो लिहिले जातात, एक कार्ड गेलं तरी लग्न वाचतं. बॉडी म्हणून डी७५० सरस होता, हे मी तेव्हाही म्हणत होतो.

तरी घेतला ६डी. माझ्याजवळची ५० आणि ८५ त्यावर तशीच बसत होती, आमच्या मंडळींतली ७०-२०० होतीच. डी७५० घेऊन या सगळ्या लेन्स नव्यानं घ्यायच्या म्हणजे दुसरी बॉडी घेण्याएवढा खर्च. एका कार्डाची जोखीम मी शिस्तीनं आटोक्यात ठेवली. हळदीचं कार्ड वेगळं, अक्षतांचं वेगळं, वरातीचं वेगळं. जेवणाची पंगत बसली की लॅपटॉप उघडून उतरवून घ्यायचं. मामांच्या छत्तीसच्या रोलनं लावलेली सवय इथं कामाला आली. ११ बिंदूंपैकी मधला एकच बिंदू मी वापरतो; तो अंधारातही पकडतो. आधी फोकस, मग चौकट.

याच सुमाराला माझ्या हाताखाली शिकलेल्या भाचीनं स्वतःचं काम सुरू केलं, आणि तिनं घेतला निकॉन. डी७१००, सेकंडहँड. मंडळींतल्या पोरांनी तिला बरंच ऐकवलं. मी तिच्या बाजूनं होतो. तिचं काम डोहाळजेवण, बारसं, बांगड्या भरण्याचं. बायकांच्या कार्यक्रमात घरच्यांना बाईच फोटोग्राफर हवी असते. तिथं ती एकटीच. बॅटरी मागायला शेजारी कोणी नाही, उसनी लेन्स नाही, पंगतीत बसून कार्ड उतरवायला जोडीदार नाही. तिला स्वतःच्या पायावर उभी राहणारी बॉडी हवी होती, आणि डी७१०० ला दोन कार्डांची जागा होती. बॉडीत मोटर असल्यानं जुन्या स्वस्त ऑटोफोकस लेन्सही चालतात. आणि मामांची एफएम-टू-वरची ५० मिलिमीटर? डी७१०० वर तिचं मीटर चालतं. फोकस हातानं फिरवायचा, व्ह्यूफाइंडरमधला खालचा ठिपका स्थिर झाला की दाबायचं. त्या छोट्या सेन्सरवर ती लेन्स ७५ मिलिमीटरसारखी वागते. पाळण्याजवळ न जाता बाळाचा चेहरा मिळतो. मामा स्वतः बघून म्हणाले, "बघ, मी सांगत होतो ना, निकॉनच." मी गप्प बसलो. त्यांचा सल्ला तिच्या कामाला तंतोतंत लागू होता.

सेकंडहँड घेणाऱ्याला निकॉनचा आणखी एक फायदा आहे. त्याच्या प्रत्येक फोटोत शटर किती वेळा उघडलं तो आकडा आत नोंदलेला असतो. विकणाऱ्याकडून आजचा एक मूळ फोटो मागवायचा आणि कॉम्प्युटरवर बघायचं. डी७१०० चं शटर दीड लाखाच्या कसोटीला उतरलेलं, ६डी-चं एक लाखाच्या. दोन दिवसांच्या लग्नात हजारो फोटो निघतात, हे लक्षात घेतलं की आकडा का विचारायचा ते कळतं. कॅननच्या फोटोत हा आकडा सहसा नसतो. केबल लावून, वेगळं सॉफ्टवेअर घेऊन काढायला लागतो. हैदराबादला कोठीच्या गुजराती गल्लीत किंवा कुठंही जुना कॅमेरा बघताना विकणाऱ्याच्या "कमी वापरलाय हो" या वाक्यापेक्षा तो आकडा बोलका. लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशीचे धागे आहेत का तेही बघायचं, आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो बारीक ॲपर्चरवर काढून सेन्सरवरची धूळ. आमच्या काळ्या मातीची धूळ फार चिवट असते.

२०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी पूर्ण आकाराच्या सेन्सरचे, आरसा नसलेले कॅमेरे आणले आणि दोघांनीही माउंट बदलला. ऑगस्टमध्ये निकॉनचा झेड, सप्टेंबरमध्ये कॅननचा आर. १९५९ चा दरवाजा शेवटी निकॉननंही बदलला. जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून नव्या कॅननवर नीट फोकस करतात. निकॉनच्या बॉडीच्या मोटरवर चालणाऱ्या जुन्या लेन्स झेडच्या अडॅप्टरवर पुन्हा हातावर येतात. सोनीनं तोवर लग्नाच्या बाजारात चांगलाच जम बसवला होता. आता मांडवात तिसऱ्या नावाचे पट्टेही दिसतात आणि चेष्टेला नवा विषय मिळालाय. मोठ्या शहरातले लोक एसएलआर विकून टाकतायत, म्हणून गावाकडे सुरुवात करणाऱ्याला जुनी चांगली बॉडी आणि दोन लेन्स पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात. शिकायला आणि पहिली दोन-चार वर्षं कमवायला ती पुरते. स्टुडिओची रोजची मीठभाकर तर अजूनही पासपोर्ट फोटोवर चालते, आणि त्याला यांतला कुठलाही कॅमेरा जास्तच आहे.

स्टुडिओत येऊन पोरं विचारतात, "मामा, कॅनन घेऊ का निकॉन?" आता मामा मीच झालोय. मी त्यांना उलट विचारतो : तू कुणाबरोबर काम करणार? त्यांच्याकडे कोणती बॅटरी आहे? बिघडला तर तुझ्या दुरुस्तीवाल्याच्या कपाटात त्याचे पार्ट आहेत का? एकटा काम करणार असशील तर दोन कार्डांची जागा असलेली बॉडी बघ, कंपनी कुठलीही असो. चार जणांत करणार असशील तर त्या चार जणांचा माउंट घे. बॉडी पाच-सहा वर्षांत बदलतेच. लेन्स आणि सोबतची माणसं त्याहून जास्त टिकतात. म्हणून पैसे घेऊन दुकानात शिरायच्या आधी एक लग्न नुसतं मदतनीस म्हणून करा आणि तुमच्या भागातल्या फोटोग्राफरांच्या पेट्या उघडून बघा. कुठली कंपनी घ्यायची ते तिथंच कळेल.